शंकुपेशींची उपासमार : ‘जनुकीय आजार’ म्हटल्याने विषय संपत नाही

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या पंधरवड्यात रातांधळेपणाविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. खेड्यापाड्यातील वाचकाला समजेल अशा भाषेत या विषयावर कोणी लिहिले, याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. लेखाच्या शेवटी मात्र रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजाराबद्दल अशा अर्थाचे विधान आहे की, तो जनुकीय असल्यामुळे डोळ्याच्या पडद्यातील पेशी मरणारच आणि त्यापुढे कोणाचे काही चालत नाही. हे विधान अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण मी सव्वीस वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले आणि माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी. कमी शब्दांत सांगण्याच्या नादात या विषयाची आधीच बरीच हानी झाली आहे.

भाऊ अकरा वर्षांचा होता. किरणोत्सवाच्या दिवसांत आम्ही सगळे गावाहून अंबाबाईच्या दर्शनाला आलो होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांवर पडली, ती त्याने इतरांसारखीच पाहिली, हात जोडले. किरणे सरली आणि आतले दिवे लागायच्या आधीच गर्दी हलू लागली, तेव्हा तो मंडपातल्या एका खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मी हात ओढला तरी हलेना. म्हणाला, “आक्का, समदा अंधार झालाय. ही माणसं चालत्यात कशी?” त्या अंधुक उजेडात मला खांबावरची नक्षीदेखील दिसत होती. त्याला खांबच दिसत नव्हता. पुढे दोन वर्षे घरात शेवग्याचा पाला, गाजर आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या चालल्या. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणारा रातांधळेपणा अशा उपचाराने भरून येतो. त्याचा आला नाही.

या आजारात आधी कोणत्या पेशी जातात आणि नंतर कोणत्या, यातच माझ्या म्हणण्याचे मर्म आहे. डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी एका डोळ्यात नऊ ते बारा कोटी असतात. दिवसा पाहणे, रंग ओळखणे, वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे हे ज्यांच्यामुळे साधते त्या शंकुपेशी त्यांच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतक्याच असतात आणि पडद्याच्या मध्यभागी दाटीने वसलेल्या असतात. या आजारात बहुधा दंडपेशी आधी मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग कडेची नजर आक्रसत जाते आणि माणूस नळीतून पाहावे तसे पाहू लागतो. त्यानंतर काही वर्षांनी, कधी काही दशकांनी, शंकुपेशीही जाऊ लागतात. माणसाला खऱ्या अर्थाने परावलंबी करते ते हे दुसरे मरण.

काही वर्षांपूर्वी भावाची जनुकीय तपासणी झाली. पीडीई६बी नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष निघाला. आमचे आईवडील आते-मामे भावंडे होते. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे आणि दोघांकडे एकच दोष लपून असेल तर तो प्रत्येक अपत्यात दुहेरी होऊन उतरण्याची शक्यता चारात एक असते, एवढेच येथे नोंदवते. मला त्या अहवालात वेगळेच काही खुपले. हे जनुक दंडपेशींतच वापरले जाते. त्याच कामाचे शंकुपेशींतील एन्झाइम वेगळ्याच जनुकावरून बनते आणि भावाचे ते जनुक धडधाकट आहे. म्हणजे त्याच्या शंकुपेशींत कोणताही जन्मजात दोष नाही. तरीही त्या मरत आहेत. दोष नसलेली पेशी मरते, तर ती कशाने मरते?

या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आकाराला आले, त्याचा गाभा ऊर्जेच्या चयापचयात आहे. त्यासाठी आधी या पेशी किती खाणाऱ्या आहेत ते पाहावे लागेल.

प्रकाश पडला की प्रकाशग्राही पेशी कामाला लागते आणि अंधारात ती विसावते, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात दंडपेशीचा सर्वांत मोठा खर्च अंधारात होतो. अंधारात तिच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडी असतात आणि त्यांतून सोडियम व कॅल्शियमचे आयन सतत आत येत राहतात. आत आलेले सोडियम बाहेर फेकण्यासाठी पेशीला अखंड पंप चालवावे लागतात आणि त्या पंपांचे इंधन म्हणजे एटीपी. प्रकाश पडला की दारे मिटतात आणि पंपांचे काम हलके होते. उंदरांवरील मोजणीनुसार एका दंडपेशीला गडद अंधारात दर सेकंदाला सुमारे १० कोटी एटीपी रेणू लागतात आणि लख्ख उजेडात हा खर्च पाव हिश्श्याच्याही खाली येतो. मांजरांच्या डोळ्यांत अतिसूक्ष्म सुया उतरवून प्राणवायू मोजला गेला, तेव्हा अंधारात दंडपेशींच्या तंतुकणिकांजवळ, म्हणजे पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या केंद्रांजवळ, तो जवळजवळ शून्यावर आलेला आढळला. आपण दिवे मालवून झोपतो तेव्हा डोळ्यातील कोट्यवधी पेशी सर्वाधिक खर्चाच्या पाळीवर असतात.

याशिवाय बांधकामाचा खर्च आहे तो वेगळाच. या पेशी जन्मानंतर पुन्हा तयार होत नाहीत, पण त्यांचे प्रकाश टिपणारे टोक, ज्यात चकत्यांची चवड रचलेली असते, ते मात्र रोज नवे होत असते. रिचर्ड यंग यांनी १९६७ साली किरणोत्सारी अमिनो आम्ले वापरून दाखवून दिले की नव्या चकत्या तळाशी तयार होत वर सरकतात. सुमारे दहा दिवसांत सगळी चवड बदलते, म्हणजे दररोज साधारण दहावा हिस्सा झडतो आणि तेवढाच नव्याने बांधावा लागतो. शरीरातील फार थोड्या पेशी न मरता एवढे बांधकाम आयुष्यभर रोज करतात. त्यासाठी मेद हवा, प्रथिने हवीत आणि त्या दोन्हींचा कच्चा माल पुरवणारे ग्लुकोज हवे.

येथेच जीवरसायनशास्त्रातील एक जुने कोडे समोर येते. ग्लुकोजचा पूर्ण वापर तंतुकणिकांत प्राणवायूच्या साहाय्याने केला तर एका रेणूमागे तीसच्या आसपास एटीपी मिळतात. नुसत्या ग्लायकोलायसिसने, म्हणजे अर्धवट विघटनाने, फक्त दोन. तरीही प्राणवायू हाताशी असताना दृष्टिपटल आपल्या वाट्याच्या बहुतांश ग्लुकोजचे लॅक्टेट, म्हणजे या अर्धवट विघटनातून उरणारे संयुग, करून सोडून देते. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबर्ग यांनी ही गोष्ट १९२० च्या दशकातच नोंदवली होती. हेच वर्तन त्यांना कर्करोगाच्या गाठींत दिसले आणि त्यांचे नाव त्या संदर्भात अजरामर झाले. १९३१ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना श्वसनाच्या एन्झाइमवरील कामासाठी मिळाले. डोळ्याबद्दलची ती नोंद मात्र बराच काळ पाठ्यपुस्तकांच्या तळटिपेत राहिली. मी स्वतः ग्लायकोलायसिसच्या दहा पायऱ्या वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिल्या, स्नायूंचे उदाहरण दिले, यीस्टचे दिले, गाठींचे दिले. डोळ्याचे उदाहरण एकदाही दिले नाही, आणि हे सांगताना मला आजही वाईट वाटते, कारण त्याच काळात माझा भाऊ संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडणे टाळू लागला होता.

हे अर्धवट विघटन म्हणजे उधळपट्टी नव्हे, याचा पुरावा १९५१ साली वर्नर नोएल यांच्या प्रयोगांनी दिला. ग्लायकोलायसिसमधील एक पायरी अडवणारे आयोडोअ‍ॅसिटेट हे विष त्यांनी सशांना टोचले. योग्य मात्रेत त्या विषाने नेमक्या प्रकाशग्राही पेशी नष्ट झाल्या. पडद्यातील इतर पेशी बऱ्याच अंशी तगल्या. ज्या पायरीवाचून बाकीच्या पेशींचे निभते, तीच या पेशींची जीवनरेखा आहे. चकत्या बांधण्याचा कच्चा माल याच वाटेवरून फुटणाऱ्या आडवाटांनी येतो आणि प्रकाशाच्या माऱ्याने होणारी पेशीची झीज रोखणारे एनएडीपीएच हे संयुगही ग्लुकोजपासूनच बनते.

मग बाहेर टाकलेल्या लॅक्टेटचे काय होते? आमच्या वडिलांचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होते, म्हणून मला हे त्या भाषेत सांगणे सोपे वाटते. घाण्यातून निघालेला रस काहिलीत पडे आणि पिळून उरलेले चिपाड खळ्यावर वाळत घालत. दोन दिवसांच्या उन्हाने ते खडखडीत झाले की तेच चिपाड त्याच काहिलीखाली चुलवणात जाई. रस शिजवायला जळण बाहेरून आणावे लागत नसे. पावसाने चिपाड भिजले तर मात्र लाकूड विकत आणावे लागे आणि त्या दिवशी वडिलांच्या कपाळावरची आठी संध्याकाळपर्यंत जात नसे. डोळ्यात असेच आहे. प्रकाशग्राही पेशींना स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. त्यांचे अन्न पडद्यामागील कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून येते आणि वाटेत रंजकपेशींचा एक थर ओलांडूनच त्यांच्यापर्यंत पोहोचते. या रंजकपेशी ग्लुकोज स्वतः न खाता पुढे पाठवतात, कारण त्यांचे स्वतःचे जळण म्हणजे प्रकाशग्राही पेशींनी टाकलेले लॅक्टेट आणि रोज झडणाऱ्या चकत्यांतील मेद. २०१७ च्या सुमारास अमेरिकेतील जेम्स हर्ली यांच्या प्रयोगशाळेने ही देवाणघेवाण नीट उलगडून दाखवली. लॅक्टेट मिळते तोवर रंजकपेशी आपल्या वाट्याचे ग्लुकोज राखून ठेवत नाहीत. लॅक्टेट आटले, की त्या समोरून चाललेले ग्लुकोजच खाऊ लागतात.

आता भावाच्या डोळ्याकडे पुन्हा पाहू. सदोष पीडीई६बीमुळे दंडपेशींतील ती दारे मिटेनाशी होतात, सोडियम-कॅल्शियमचा लोंढा थांबत नाही आणि दंडपेशी मरतात. क्लाइड कीलर यांनी १९२४ साली दंडपेशी नसलेले उंदीर शोधून काढले होते. त्या उंदरांतील दोषही याच जनुकात आहे, हे अनेक दशकांनी सिद्ध झाले. पडद्यातील प्रकाशग्राही पेशींपैकी ९५ टक्के या दंडपेशीच. त्या गेल्या म्हणजे लॅक्टेटचा मोठा स्रोत आटला, झडणाऱ्या चकत्या कमी झाल्या, आणि रंजकपेशी ग्लुकोज आपल्यापाशीच अडवू लागल्या. मागे उरलेल्या मूठभर शंकुपेशींच्या वाट्याला पुरेसे अन्न येत नाही. रक्तात ग्लुकोज भरपूर आहे, पडद्यामागच्या कोठारात ते येऊन पडले आहे, आणि एका थराच्या अंतरावर शंकुपेशी उपाशी आहेत.

ही कल्पना निव्वळ तर्कावर उभी नाही. २००९ साली क्लाउडिओ पुंझो आणि कॉन्स्टन्स सेप्को यांनी वेगवेगळ्या जनुकीय दोषांचे उंदीर तपासले, तेव्हा सर्वांच्या शंकुपेशींत उपासमारीच्या खुणा आढळल्या. पेशी स्वतःचेच घटक पचवत होत्या. त्या उंदरांना इन्सुलिन दिल्यावर शंकुपेशी काही काळ अधिक तगल्या आणि इन्सुलिन घटवल्यावर लवकर गेल्या. फ्रान्समधील तिएरी लेवेयार आणि जोझे-आलँ साहेल यांच्या गटाने २००४ साली दंडपेशींकडून पाझरणारे एक प्रथिन शोधले होते, जे शंकुपेशींना जगवते. ते नेमके काय करते हे २०१५ साली कळले : ते शंकुपेशीवरील ग्लुकोजचे दार अधिक उघडून धरते. दंडपेशी मेली म्हणजे ते प्रथिनही थांबले. २०१६ साली तर याच आजाराच्या डुकरांत असे दिसले की दंडपेशी गेल्यावर ग्लुकोज रंजकपेशींतच अडकून पडते आणि ते पडद्याखाली नेऊन सोडले तर मिटत चाललेल्या शंकुपेशी आपली झडलेली टोके पुन्हा बांधू लागतात. हा शेवटचा निष्कर्ष मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. ‘मेल्या’ म्हणून ज्यांची गणती होत होती, त्यांतल्या काही पेशी निव्वळ निपचित पडल्या होत्या.

उपासमारीच्या जोडीला दुसरे संकट येते ते प्राणवायूच्या अतिरेकाचे. कोरॉइडचा रक्तपुरवठा मागणीनुसार फारसा कमी होत नाही. प्राणवायूच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाईक असलेल्या दंडपेशी गेल्यावर तो तसाच येत राहतो, साठतो आणि शंकुपेशींना आतून जाळतो. त्यापासून बचाव करणारे एनएडीपीएच ग्लुकोजमधून येते आणि ग्लुकोजची तर चणचण. म्हणजे ज्या वेळी ढाल हवी त्याच वेळी ढालीचे पोलाद संपलेले असते.

आजच्या घडीला अशा आजारांना कारणीभूत जनुके ऐंशीच्या वर सापडली आहेत. अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरात दृष्टिपटलासाठी पहिली जनुकीय उपचारपद्धती मान्य झाली, ती आरपीई६५ या एकाच जनुकासाठी. दोन्ही डोळ्यांची तिची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवण्यात आली. भावाला तिचा उपयोग नाही, कारण त्याचे जनुक वेगळे. प्रत्येक जनुकासाठी असा उपचार निघेपर्यंत किती पिढ्या जातील? शंकुपेशींची उपासमार मात्र जनुक कोणतेही असो, शेवटी बहुतेकांच्या वाट्याला येते. ती लांबवता आली तर एकच उपाय अनेकांना लागू पडेल, आणि दंडपेशी गेल्या तरी माणसाला वाचता येईल, नातवंडांचे चेहरे दिसतील. म्हणून ‘जनुकीय आहे, काही चालत नाही’ या वाक्याला माझा आक्षेप आहे. दोष जनुकात आहे हे खरे, पण शंकुपेशींचा घात जनुक करत नाही. तो उपासमारीने होतो आणि उपासमार ही वाटेत अडवता येण्याजोगी गोष्ट आहे.

येथे मला तितक्याच कळकळीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण हे पत्र वाचून कोणी गूळ-साखर वाढवली किंवा इन्सुलिनचा विचार केला तर अनर्थ होईल. रक्तातील साखर वाढवल्याने शंकुपेशींना अन्न मिळत नाही. अडचण पुरवठ्याच्या वाटेत आहे, कोठारात नाही. मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होऊन जी दृष्टी जाते ती आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला विचारावी. वर सांगितलेले प्रयोग उंदरांवर आणि डुकरांवर झाले आहेत. माणसांत अशा आहारपूरक उपचाराला अजून मान्यता नाही. सुंदर तर्कसुद्धा रुग्णाच्या उशाशी हरू शकतो, याचे उदाहरण ताजे आहे : अंधारात दंडपेशी फार प्राणवायू खातात, मग मधुमेहींनी झोपताना डोळ्यांवर मंद उजेडाची पट्टी बांधली तर पडद्याची हानी टळेल, अशी कल्पना होती. इंग्लंडमध्ये रुग्णांनी दोन वर्षे ती पट्टी वापरली आणि २०१८ साली निष्कर्ष आला की फायदा झाला नाही. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने हा आजार मंदावतो असे १९९३ च्या एका चाचणीवरून मानले गेले आणि भावानेही ती मात्रा कित्येक वर्षे घेतली; पुढे रुग्णांची जनुके लक्षात घेऊन झालेल्या फेरविश्लेषणात तो फायदा टिकला नाही. खोकल्यासाठी वापरले जाणारे एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन शंकुपेशींची जळ कमी करते का, याची मोठी चाचणी सध्या चालू आहे. निकाल येईपर्यंत ते स्वतःच्या मनाने दुकानातून आणून घेऊ नये.

भावाच्या बाबतीत आम्हीही एकदा फसलो. पडदा पुन्हा जिवंत करून देतो असे सांगणाऱ्या एका ठिकाणी आम्ही आठ महिने खेपा घातल्या. तेथे मिळणाऱ्या थेंबांच्या बाटलीवर आत काय आहे हे लिहिलेले नव्हते. पैसे गेले त्याचे दुःख नाही. त्या आठ महिन्यांत त्याने पांढरी काठी वापरायला शिकणे लांबवले, कारण आता बरे होणारच अशी त्याची खात्री झाली होती, आणि एका संध्याकाळी तो उघड्या गटारात पडला. ओळखपत्र, काठी, मोबाइलचे वाचक तंत्र या सोयी वेळेवर स्वीकारणे म्हणजे हार मानणे नव्हे, हे आम्हाला तेव्हा कोणी ठामपणे सांगायला हवे होते. दृष्टिदोष ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार मिळणारे लाभ त्याला कितीतरी आधी मिळू शकले असते.

याच ऊर्जेच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती आजच, कोणत्याही नव्या शोधावाचून, उपयोगी पडणारी आहे. पडदा सुटणे हा प्रकार आपल्याकडे अनेकांना ऐकून माहीत असतो. पडदा सुटतो म्हणजे प्रकाशग्राही पेशींचा थर रंजकपेशींपासून, म्हणजे आपल्या अन्नाच्या वाटेपासून, उचलला जातो. त्या क्षणापासून ग्लुकोज आणि प्राणवायूचा पुरवठा तुटू लागतो आणि पेशी मरण्यास सुरुवात होते. डोळ्यासमोर अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखे लखलखणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली, ही त्याची लक्षणे. दुखत मात्र काहीच नाही, आणि म्हणूनच घात होतो. पडद्याचा मध्यबिंदू, म्हणजे शंकुपेशींची दाटी असलेली जागा, सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याची नजर बहुधा राखता येते; मध्यबिंदू सुटला तर प्रत्येक दिवस महाग पडतो. आमच्या गावातील एक गृहस्थ कारखान्याचा हंगाम संपू दे, ऊस जाऊ दे, मग बघू, म्हणत पाच आठवडे थांबले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पडदा जागेवर बसला, पण त्या डोळ्याने त्यांना आता फक्त हाताची हालचाल कळते. उपाशी पेशी पाच आठवडे वाट पाहत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात मोतीबिंदूची शिबिरे नियमित होतात आणि १९७६ पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूबाबत केलेले काम मोठे आहे. या शिबिरांत भिंगाचा नंबर पाहिला जातो, मोतीबिंदू पाहिला जातो. माझी विनंती एवढीच की, तेथे प्रत्येकाला, विशेषतः शाळकरी मुलांना आणि तरुण शेतकऱ्यांना, आणखी एक प्रश्न विचारावा : रात्री उसाला पाणी पाजताना किंवा दिवे गेल्यावर घरात वावरताना तुम्ही इतरांपेक्षा जास्त अडखळता का? ‘हो’ म्हणणाऱ्याची कडेची नजर समोर बसून नुसती बोटे हलवूनही तपासता येते. त्याला यंत्र लागत नाही. जे संशयित निघतील त्यांना बाहुली मोठी करून पडदा तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावे आणि शक्य असेल तेथे ओसीटी (प्रकाशाने टिपलेले पडद्याच्या छेदाचे चित्र) काढून ठेवावी. पुढे शंकुपेशींना जगवणारा उपचार आला, तर तो ज्यांच्या शंकुपेशी शिल्लक आहेत त्यांनाच उपयोगी पडेल, आणि त्या किती शिल्लक आहेत हे जुन्या नोंदीशी ताडूनच कळेल.

ओसीटीचा उल्लेख केला म्हणून सांगते. पडद्याचा उभा छेद दाखवणाऱ्या त्या करड्या चित्रात एक पांढरी, ठळक रेषा असते. प्रकाशग्राही पेशींतील तंतुकणिका जेथे खच्चून भरलेल्या असतात त्या पट्ट्याची ती रेषा आहे, असे तज्ज्ञ मानतात. निरोगी डोळ्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते. भावाच्या चित्रात ती मधोमध थोडीशी उरली आहे, दोन्ही बाजूंना फिकट होत विरून जाते. नेत्रतज्ज्ञ दर वर्षी संगणकावर तिच्या दोन टोकांमधील अंतर मोजतात आणि कागदावर लिहून देतात. त्या कागदांची एक फाइल आमच्या घरी आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझा भाऊ आपले दैनिक अजून वाचतो, एका वेळी दोन-तीन अक्षरे, मान डावीकडून उजवीकडे सरकवत. आणि गेल्या पंधरवड्यातील तो लेखही त्याने तसाच शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता.

त्या शेवटच्या ओळीपुरता खुलासा आपल्या पुढील आरोग्य पुरवणीत छापावा आणि जिल्ह्यातील एखाद्या दृष्टिपटलतज्ज्ञाकडून पडदा सुटण्याच्या लक्षणांवर स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती. डोळ्यांच्या हमखास उपचारांच्या जाहिराती स्वीकारताना औषधात काय आहे याची लेखी माहिती मागण्याचा नियम आपण केलात तर अनेक घरांवर उपकार होतील.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
निवृत्त अध्यापिका, जीवरसायनशास्त्र
राजारामपुरी, कोल्हापूर